तिखट बिस्किटांचं माप

साकोली,
मंगळवार, २१ जानेवारी २००३

प्रिय रत्नमाला,

रुचिताचं लग्न जमल्यापासूनचं तुझं तिसरं पत्र शुक्रवारी मिळालं, आणि त्याच पाकिटात तिच्या साक्षगंधाचं छापील कार्ड. अतुलभाऊजींना जयभीम सांग, पोरीला आशीर्वाद सांग. त्यातल्या पहिल्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही, आणि तरी तिसऱ्यात तू एका शब्दानं बोल लावला नाहीस. एवढं साधं मन ठेवून माणूस जगतं कसं, मला कळत नाही. मी तुझं पत्र चारदा वाचलं आणि पाचव्यांदा पेन्सिल घेऊन बसले. दोन पानांत 'कुंताबाई' नऊ वेळा आहेत. माझं नाव दोनदा आहे, त्यातलं एक पाकिटावर.

आमचे हे म्हणाले, 'पत्र कायले लिहून राहिली, एसटीडीवर जा न, दोन मिनिटांचं काम.' पण त्या डब्यात उभं राहून बोललं की बाहेर रांगेतल्या चार जणांना आपलं घर दिसतं. शिवाय तुझ्याकडे फोन वाजला की आधी कुंताबाईच उचलतात, असं मागच्या वेळी झालं. 'रत्ना आंघोळीले गेली, मी शेजारची बोलून राहिली,' म्हणाल्या. मी म्हटलं राँग नंबर. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

तू म्हणायचीस, शुभांगी कागदावर मास्तरीण होते आणि तोंडानं माणूस. असू दे. आज कागदावरच बोलते, कारण तोंडानं मला हे कधी जमलं नसतं.

तुमच्या सात नंबरच्या क्वार्टरात आता एक नवीन क्लार्क राहतो. त्याची बायको पाकिटातली बिस्किटं आणते आणि बरणीत घालून ठेवते, म्हणजे घरी केल्यासारखी दिसतात. मी परवा खिडकीतून पाहिलं. आपला गोल ओव्हन अजून माझ्याकडेच आहे, आठ नंबरात, पितळी डब्यांच्या शेजारी. झाकणाच्या काचेला तू चिकटवलेली पट्टीसुद्धा तशीच आहे. नागपूरहून तो आणला तेव्हा बसमध्ये तू खालचा भाग मांडीवर घेतला होतास आणि मी झाकण, आणि कंडक्टर विचारत होता, 'बाई, ह्याच्यात कोंबडी आहे काय?' अकरा वर्षं आपण त्यात तिखट बिस्किटं भाजली. पंचायत समितीत कुणाची बदली असो, कुणाचा निरोपसमारंभ असो, चहाबरोबर सात-आठ नंबरची बिस्किटं. मळणं, लाटणं, बाटलीच्या झाकणानं कापणं माझं. पत्र्यावर मांडली की पुढचं तुझं. तू यायचीस दहाला, पोरांना शाळेत घालून, तेव्हा माझं पीठ मळून ओल्या फडक्याखाली तयार असायचं. तू घड्याळाकडे कधी बघितलं नाहीस. झाकणाजवळ नाक नेऊन उभी राहायचीस आणि म्हणायचीस, 'आला वास, काढ पिन.' मग एक कप चहा होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. कोणता वास, हे मी कधी विचारलं नाही. पिठात काय किती, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारायचं काय त्यात, मधे एक भिंत तर होती.

मग भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि तुम्ही गोंदियाला गेलात.

तू गेल्यावर पहिला घाणा केला तो आषाढात. खालून काळा, आतून कच्चा. दुसरा भुगा झाला, पत्र्यावरून चमच्यानं गोळा केला. मी सगळ्यांना सांगितलं, कॉइल कमजोर झाली. ह्यांनी मिस्त्री आणला, तो म्हणाला, 'वहिनी, कॉइल एकदम ठणठणीत आहे.' त्या मिस्त्रीशी मी अजून बोलत नाही. मग मैदा बदलला, डालडा बदलला, वाट्या बदलल्या. आमचा श्रावण सुटीत नागपूरहून आला की म्हणायचा, 'आई, राहू दे न, चिवडा कर.' पोराच्या तोंडून हे ऐकायचं. साडेतीन वर्षांत मला एकदाही बिस्किट जमलं नाही. हे तुला कुणी सांगितलं नसणार, कारण मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की मला आता कंटाळा येतो.

आणि तिकडे तुला कुंताबाई मिळाल्या. पहिल्याच वर्षी. तुझं पत्र आलं होतं, 'शेजार चांगला मिळाला, त्यांच्याकडे पेटीसारखा मोठा ओव्हन आहे, त्याला गरमीचा काटा आहे.' काटा आहे म्हणे. ज्या बाईनं अकरा वर्षं नाकानं बिस्किटं भाजली तिला काट्याचं कौतुक. मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं आणि तेवढी ओळ गाळली.

ह्या दिवाळीनंतर हे गोंदियाला लग्नाला आले होते, तेव्हा तू त्यांच्याजवळ डबा पाठवलास. बसमध्येच त्यांनी सहा खाल्ली. घरी येऊन म्हणाले, 'अगदी तुझ्यासारखी, फक्त जराशी जास्त खुसखुशीत.' मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एक खाल्लं. रत्ना, चांगलं होतं. पापुद्रे सुटत होते, मिरी अर्धवट भरडलेली होती, आणि ओव्याबरोबर कसुरी मेथी होती. मेथीची कल्पना कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. मी बाहेर येऊन म्हटलं, डालडा जास्त झाला आहे. हे म्हणाले, 'तू कायले जळून राहिली? बिस्किटच तं आहे.' पुरुषाला काय कळतं. डबा मी फडताळात वर ठेवला, कुणाला दिला नाही, आणि चार दिवसांत दुपारी दुपारी एकटीनं संपवला. रिकामा डबा परत पाठवायला हवा होता, तोही पाठवला नाही. त्याच्यावर कुंताबाईंचं नाव टाकलेलं आहे.

आता तुझ्या ह्या पत्रातली ओळ. तू लिहितेस, 'रुचिता हट्टाला पेटली आहे, साक्षगंधाला पाहुण्यांना चहाबरोबर शुभामावशीचीच तिखट बिस्किटं पाहिजेत, मेथीची नको. कुंताबाई मळायला तयार आहेत, त्यांच्या ओव्हनमध्ये एका वेळी साठ बसतात. फक्त तू माप पाठव.' ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. नाव माझं, हात कुंताबाईंचे, ओव्हन कुंताबाईंचा, आणि माझ्याकडून हवा एक कागद. ही पोरगी आठ वर्षांची होती तेव्हापासून माझ्या ओट्याखाली बसून कच्चं पीठ खायची. बाटलीच्या झाकणानं गोल कापायला तिला मी शिकवलं. दहावीच्या परीक्षेला जाताना दही-साखर तिनं तुझ्या हातची खाल्ली आणि दोन बिस्किटं माझ्या हातची. आता तिचं साक्षगंध आहे आणि पीठ मळणार कोण, तर जिनं तिचे दुधाचे दात पडलेले पाहिले नाहीत ती बाई. हो, जळते मी. माझ्या पोटात जाळ पेटतो आहे, आणि तो कुणाच्या काट्यानं कमी होणार नाही.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. तीन पत्रं झाली, आणि तिन्हींत 'माप पाठव' आहे. 'ये' कुठेच नाही. कार्डावर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं आहे, ते सगळ्यांसाठी छापलेलं असतं. पूर्वी तू भिंतीवर वाटी आपटायचीस आणि मी लाटणं हातात घेऊन यायचे. तीच तू आता मला 'ये' म्हणत नाहीस. दोन महिने मी ह्याचा राग कुंताबाईंवर काढला. त्या बिचाऱ्यांनी माझं काय केलं आहे, मला सांगता येणार नाही. तू 'ये' का लिहीत नाहीस, हे मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे. आणि मी माप का पाठवत नव्हते, हे तुलाही माहीत असणार. ते माप मला एक शब्द लिहिल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि तो शब्द लिहायला माझा हात धजत नव्हता. आता लिहिते. फुलपात्र.

अठ्ठ्याऐंशी साली आपण शेजारी आलो, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात माझ्या सासूबाई अड्याळहून आल्या होत्या. तू तुझ्या माहेरचं लाखोळीच्या डाळीचं बेसन फुलपात्रात भरून आणलं होतंस. स्टीलचं, पाणी प्यायचं, काठाच्या खाली टोचून काढलेलं, 'सौ. रत्नमाला हिस मामाकडून भेट'. तू गेल्यावर सासूबाईंनी बेसन आपल्या डब्यात ओतून घेतलं. कोरडं चालतं म्हणाल्या. मग फुलपात्र राखेनं घासलं आणि मागच्या दाराच्या पायरीवर पालथं ठेवलं, तू येऊन उचलून न्यावंस म्हणून. मी तिथंच होते. भाजी निवडत होते. मी काही बोलले नाही. तू संध्याकाळी आलीस, पायरीवरचं भांडं पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, उचललंस आणि गेलीस. त्या रात्रीही मी भिंतीपलीकडे आले नाही.

सासूबाई गावाला गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तूच आलीस. ते फुलपात्र हातात. मला वाटलं भांडशील. तू माझा पिठाचा डबा उघडलास, त्यात ते खुपसलंस आणि म्हणालीस, 'हे इथंच राहू दे. मी नाही नेत. कधी वाटलंच तुले का हे परक्याचं आहे, तं आपल्या हातानं पायरीवर ठेव.' नंतर चहा मांड म्हणालीस, मग स्वतःच केलास. त्याच आठवड्यात त्या बेसनाची पहिली बिस्किटं झाली, आणि मी मैदा त्या फुलपात्रानंच मोजला, कारण डब्यात तेच होतं. पुढं मोठी झालेली गोष्ट तिथून सुरू झाली. सासूबाई पुढं दरवेळी आल्या की तीच बिस्किटं चहात बुडवून खायच्या आणि अड्याळला न्यायला बांधून मागायच्या. कशानं मोजलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. तेही सांगायला हवं होतं.

आता जून नव्व्याण्णव. जिल्हा फुटल्यावर कुणी कुठं जायचं त्याचे ऑप्शन भरून घेतले, तेव्हा अतुलभाऊजींनी गोंदिया लिहिलं. मला हे तुझ्याकडून कळलं नाही. नळावर गोमाजी शिपायानं सांगितलं, 'बाई, सात नंबर चाललं गोंदियाले, तुमाले मालूम नाही काय?' पंधरा दिवस झाले होते फॉर्म भरून. पंधरा दिवस तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन झाकणाला नाक लावत होतीस आणि गप्प होतीस. मला सांगायला तुझी जीभ वळली नाही, असं तू नंतर म्हणालीस. मी ते ऐकून घेतलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की तू खूश आहेस. तीन खोल्यांचं क्वार्टर, रेल्वेचं स्टेशन, रुचितासाठी कॉलेज. सामान बांधताना तू गुणगुणत होतीस, मला भिंतीतून ऐकू येत होतं. मी इथं अंधाऱ्या दोन खोल्यांत राहणार आणि हिला नवा जिल्हा मिळाला, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. जाण्याच्या दिवशी आपण भांडी निवडली. अकरा वर्षांत इकडची तिकडे, तिकडची इकडे झालेली. नावं वाचून वाचून तू माझी दिलीस, मी तुझी दिली. ओव्हन तू म्हणालीस, राहू दे तुझ्याकडेच, मी तिकडे बघीन काहीतरी. तू सहज दिलास. त्याचाही मला राग आला, की हिला आपल्या दोघींच्या वस्तूचं काहीच वाटत नाही.

ट्रक लागला होता. तू आत शेवटचा झाडू मारत होतीस. मी पिठाच्या डब्यातून फुलपात्र काढलं. घरात भांड्यांची पावडर होती. मी बंबातली राख घेतली. घासलं, पुसलं, आणि तुझ्या दाराच्या पायरीवर पालथं ठेवलं.

साडेतीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा मला सासूबाई आठवल्या नव्हत्या. भांडी द्यायची होती, ज्याचं त्याला दिलं. हे खोटं आहे, रत्ना. मले आठवलं होतं. सारं आठवलं होतं. कुठं ठेवलं म्हणजे तुले कुठं लागीन, हे मले पक्कं माहीत होतं, म्हणूनच ठेवलं. सासूबाईंनी केलं ते त्यांना तेच शिकवलेलं होतं म्हणून. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी जळून केलं. तुझ्यापाशी नवा गाव होता, आणि माझ्यापाशी तुला दुखवायला तेवढंच एक भांडं होतं. तू बाहेर आलीस, पाहिलंस, नाव वाचल्यासारखं केलंस, पिशवीत टाकलंस. जाताना माझ्या श्रावणच्या डोक्यावरून हात फिरवलास. मला मात्र 'येते' म्हणाली नाहीस. आता ह्या तिन्ही पत्रांत तुझं 'ये' नाही, ते बरोबर आहे. तुझ्या जागी मी असते तर 'माप पाठव' असंसुद्धा लिहिलं नसतं.

म्हणून हे पत्र. मी माफी मागते. त्या दिवसाची, आणि भाजी निवडत बसले त्या दिवसाचीही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी रुचिताची बिस्किटं व्हायला हवीत, म्हणून माप आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू वाचलं नाहीस तरी चालेल. तुझ्या फुलपात्रानं तीन सपाट मैदा, एक लाखोळीचं बेसन. डालडा घट्टच घ्यायचा, तुझ्या नावाच्या रेघेपर्यंत. नाव टोचलेलं आहे, आतून बोटाला लागतं, तिथंच थांबायचं, काठापर्यंत जायचं नाही. दही अर्धं. ओवा आणि जिरं एकेक चमचा, मिरी जाडसर, हिरव्या मिरच्या पाच. मीठ एक चमचा सपाट, सोडा चिमूटभर. पाणी नाही. एवढ्यात साठ होतात, कुंताबाईंचा ओव्हन एकदाच भरेल. त्यांनी मळलं तरी जमेल. हे लिहिताना माझा जीव किती जळतो आहे ते तुला कळत असेल, पण लिहिलं. त्यांचा डबाही घासून ठेवला आहे, पावडरीनं. आणि साक्षगंध रविवारी, दोन तारखेला आहे. मी त्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळच्या बसनं निघते, कोहमाऱ्यावरून, ओव्हन मांडीवर घेऊन. तू बोलावलेलं नाही, हे माहीत असून येते. तुझं दार वाजवायच्या आधी मी पायरी बघीन. तिथं फुलपात्र पालथं असेल तर मी समजीन, ओव्हन आणि डबा शेजारी ठेवीन आणि त्याच बसनं परत फिरीन, कुणाला काही कळणार नाही. पायरी मोकळी असेल तर मात्र पहिला घाणा मीच मळणार, कुंताबाईंनी पाहिजे तर शेजारी उभं राहून पाहावं. आणि रविवारी निघताना ते फुलपात्र मी तुझ्याकडून मागून आणणार आहे. माझ्या पिठाच्या डब्यात साडेतीन वर्षांपासून एक वाटी आहे, ती काही केल्या नीट बसत नाही.

तुझीच,
आठ नंबरची शुभांगी